खरजेची हळद

जव्हार

जव्हारला मी हवापालटासाठी गेले आणि अंगाला गंधकाचा वास घेऊन परत आले. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा नाशिकपर्यंत रिकामी राहिली. दोघंतिघं बसायला आले, जरा हुंगलं आणि मागच्या बाकांकडे निघून गेले. घरी पोचल्यावर ह्यांनी दार उघडलं, तेही पाऊलभर मागेच सरकले. तेव्हापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंस? मी राजवाडा, सूर्यास्त, करवंदं असं सांगायला लागते आणि दोन मिनिटांत गाडी खरजेवर येते. समोरची माणसं चहाचे कप खाली ठेवतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं. ज्यांना किळस येत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

माझी धाकटी बहीण नलू डॉक्टर आहे. शिक्षण झाल्यावर ती पुण्यात पाटी लावेल अशी आमच्या आईची खात्री होती. नलूनं पाटी लावली ती जव्हार आणि मोखाड्याच्या मधे, रस्त्याला लागून असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात, आणि तिथेच रमली. लग्नबिग्न काही केलं नाही. दर पत्रात मला बोलावणं असे: ये एकदा, ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणतात याला. मी दर वर्षी काही ना काही सबब काढायची. नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा कुठे धाकट्याची दहावी आटोपली आणि मी एप्रिलात बॅग भरली.

महाबळेश्वर म्हणावं इतकी काही हवा थंड नव्हती, हे मी आल्याआल्या नलूला सुनावलं. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. पण दिवस कलला की असा वारा सुटे की सगळा राग निवावा. पहिले दोन दिवस तिनं मला पाहुणीसारखं फिरवलं. राजवाडा पाहिला. दाभोशाचा धबधबा पाहायला गेलो, तर त्याची धार आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाएवढी. पावसाळ्यात ये म्हणजे कळेल, असं नलू म्हणाली. मग आत्ता कशाला आणलंस, असं मी म्हणाले. शिरपामाळावर मात्र मी चांगली बैठक मारली. शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम झाला होता म्हणतात. जागा हेरावी तर महाराजांनीच. खाली एकामागे एक उतरत गेलेल्या टेकड्या, आणि वारा इतका की पदर सावरता सावरता पुरेवाट झाली. तिथे एका बाईकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली. चिकानं ओठ चिकटले आणि मी गप्प बसले, म्हणून नलूनं त्या बाईकडून आणखी एक द्रोण घेतला.

दवाखाना

तिसऱ्या दिवशी माझं पाहुणपण संपलं. नलूला काम होतं आणि मला घरात एकटीनं बसवेना, म्हणून मी दवाखान्याच्या पडवीत खुर्ची टाकून बसले. समोर माणसांची रांग, आणि रांगेत जो तो खाजवतोय. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला. पोरं तर आईच्या कडेवर बसून दोन्ही हातांनी. खरूज, नलू म्हणाली. डोळ्याला न दिसणारा किडा कातडीत बीळ करून राहतो. माणसं होळीपर्यंत वीटभट्टीवर आणि वाळूच्या कामावर असतात, एका झोपडीत दहा जण एका गोधडीत झोपतात, आणि घरी येताना किडा सोबत आणतात.

आमच्याकडे पुण्यात खरूज नसते. असते ती ॲलर्जी, नाहीतर हीट, नाहीतर पाणी बदलल्याचा परिणाम. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन्ही मुली वर्षभर खाजवत होत्या आणि त्यांची आई त्यांना फुल बाह्यांचे फ्रॉक घालून शाळेत पाठवत होती. इथे असला आडपडदा नाही. माझ्या शेजारी टेकलेल्या एका बाईनं मला पहिला प्रश्न विचारला तो, "तुला खाज हाय का?" आपण जसं चहा झाला का विचारतो, अगदी तसा. तिथली माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात. डॉक्टर असो, तहसीलदार असो, देव असो. पहिल्या दिवशी मला जरा खटकलं. चौथ्या दिवशी एका गृहस्थानं मला 'अहो बाई' म्हटलं, तर हा कोण परका आलाय असं वाटलं.

नाही, मला खाज नाही, असं मी त्या बाईला सांगितलं आणि त्याच क्षणी माझी कोपरं खाजायला लागली. दुपारी मी नलूला हात दाखवला. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, ही मनाची खाज आहे. खरीला सुरू व्हायला महिना लागतो. तिच्या या आश्वासनानं माझं काहीएक समाधान झालं नाही.

त्याच दिवशी मथीआजी आली. वारली म्हातारी, गुडघ्याच्या वर नेसलेलं हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. दवाखान्यापासून तासभर आत चिंचपाडा आहे, तिथून चालत आलेली. तिनं दोन्ही हातांची बोटं नलूपुढे धरली. खाजवून खाजवून बेचकी ओली झाली होती. रांग अजून दारापर्यंत होती आणि नलूचं डोकं तापलेलं होतं. तिनं पांढऱ्या औषधाची बाटली आजीच्या हातात ठेवली, घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत लावा म्हणून सांगितलं, सगळे कपडे उकळत्या पाण्यातून काढा म्हणून सांगितलं, आणि शेवटी बजावलं, "आणि खाज आहे तोवर कुणाला हात लावायचा नाही. कळलं?"

 आजीनं होकारार्थी मान हलवली, बाटली ओच्यात बांधली आणि आली तशी चालत गेली. नलूनं पुढचं नाव पुकारलं.

खोडाळ्याचा बाजार

मधे एक दिवस आम्ही खोडाळ्याच्या बाजाराला गेलो. मला सुकी मासळी बघायची होती आणि नलूला तिचे प्रतिस्पर्धी. सुकट, बोंबील, मिठाचे ढीग, बांगड्या, नागली, मोहाची वाळलेली फुलं, असं सगळं ओलांडत ती मला सरळ औषधवाल्यांच्या रांगेकडे घेऊन गेली. खरजेवर इतके इलाज असतात हे मला त्या दिवशी कळलं.

घरोघरी असतं ते करंजाचं तेल. करंजाच्या बिया गोळा करायच्या, तेल काढून घ्यायचं, चोळायचं. थोडा आराम पडतो, हे नलूही कबूल करते. कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळ, हा दुसरा इलाज, पण त्याला पाणी लागतं, आणि एप्रिलात इथल्या बायका एका हंड्यासाठी टेकडी उतरतात. ज्यांना जमतं ते गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन डुंबून येतात आणि सोबत दर्शनही करून येतात. कोणी रॉकेल लावतं. एकानं पिकावर मारायची पावडर अंगाला फासली होती, त्याला नलूनं दोन दिवस दवाखान्यात झोपवून ठेवलं होतं आणि बरा होईपर्यंत त्याच्याशी भांडली होती. गावचा भगत मंत्र घालून देतो, पण त्यालाही खरूज आहे आणि तो दर महिन्याला नलूकडे येतो. येताना आपले दोनतीन रोगी घेऊन येतो. मला हा भगत फार आवडला.

बाजारातला वैदू चटईवर डब्या मांडून बसला होता. काळं मलम, तीन दिवसांत खात्री. नलूनं एक डबी घेतली, बोटावर घेऊन हुंगली आणि म्हणाली, यात मोरचूद आहे, ओल्या जखमेवर लावलं तर माणूस बोंबलेल. वैदूनं तिला ओळखलं. जराही न शरमता त्यानं शर्टाची बाही वर केली आणि मनगट तिच्यापुढे धरलं. तिकडे त्याचं औषध विकलं जात होतं आणि इकडे तो फुकटात तपासून घेत होता. नलूनं त्याला उद्या दवाखान्यात ये म्हणून सांगितलं. परत येताना ती रस्ताभर हसत होती.

खुद्द नलूचं पांढरं औषध काही फार लोकप्रिय नव्हतं. ते सोललेल्या कातडीला झोंबतं. पाड्यांवर त्याला नाचाचं दूध म्हणतात, कारण लावलेला माणूस अंगणात नाचतो. त्यातून पुरवठा तुटपुंजा. महिन्याच्या सुरुवातीला बाटल्या येतात आणि पंधरवड्याच्या आत संपतात.

चिंचपाडा

बाजारानंतर दोनतीन दिवसांनी दवाखान्याच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. विशीतली, केसात कसलं तरी लाल फूल, आणि डोळे रडून सुजलेले. ती मथीआजीची नात जमनी. आत ये म्हटलं तर येईना. दारातूनच म्हणाली, "आजी लगीन लावणार नाय बोलते. तू तिला हात लावू नको बोलली."

हळूहळू उलगडा झाला. आठवड्याभरात जमनीचं लग्न होतं. आणि मथीआजी नुसती आजी नव्हती, ती धवलेरी होती. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, बाई लावते, ती धवलेरी. ती गाणी म्हणते, हळद लावते, नवरानवरीच्या डोक्याला डोकं टेकवते. तिच्या हातावाचून लग्न लागत नाही. आसपासच्या सगळ्या पाड्यांवरची लग्नं मथीआजीनं लावलेली होती, आणि आता स्वतःच्या नातीचं आलं तर ती पडवीत एका कडेला जाऊन बसली होती. स्वतःच्या भांड्यात जेवत होती, पणतवंडाला उचलत नव्हती. दुसरी धवलेरी बोलवा म्हणत होती. जमनी म्हणे, दुसरीच्या हातानं मी लगीन लावून घेणार नाय, आणि आजी म्हणे, डाक्टरणीला मी व्हय म्हणून मान हलवली.

नलू उठली, पिशवी घेतली आणि जमनीबरोबर चालायला लागली. मीही मागोमाग निघाले. वाटभर ती माझ्यापुढे चार पावलं झपाझप चालत होती. मी तिला लहानपणापासून ओळखते. ती अशी चालली की स्वतःवर चिडलेली असते.

चिंचपाडा म्हणजे कुडाच्या पंचवीसेक घरांचा पुंजका, मधे मोठं अंगण. आम्हाला खाटेवर बसवलं आणि गवती चहा घातलेला कोरा चहा दिला, इतका गोड की चमचा उभा राहावा. नलूनं बाटली दाखवा म्हणून सांगितलं. रिकामी बाटली आली. घरात सगळ्यांनी लावलं का, असं विचारलं तर आजीचा म्हातारा, लखमा, खुशीत म्हणाला की घरातच काय, सबंध पाड्यानं लावलं. सहा माणसांची ती बाटली त्यानं वाट्या घेऊन घरोघर सारखी वाटली होती. प्रत्येकाच्या वाट्याला तळहातभर आलं. कोणी बोटांना लावलं, कोणी पोराच्या पाठीला.

"अरे, पण ती तुमच्या घराची होती," नलू म्हणाली.

"नदीवर मासं धरलं तरी घरोघर वाटं पाडतूं," लखमा म्हणाला. "जो घरीं ऱ्हायला त्याचाबी वाटा. मग दवा कसा एकल्यानं लावायचा?"

 मला हसू फुटलं ते मी चहाच्या कपात दडवलं. आमच्या बिल्डिंगमधे कोथिंबिरीची जुडी दोन घरांत वाटताना माणसं काड्या मोजतात. इथे खरजेच्या औषधाचेही समान वाटे झाले होते, आणि त्यामुळेच कोणाची खरूज हलली नव्हती.

उकळत्या पाण्याचं विचारलं, तर बायका तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या. विहिरीचा तळ दिसत होता. प्यायचं पाणी कसंबसं भरत होतं, आणि ही डाक्टरीण लुगडी उकळा म्हणते.

आजी पडवीतूनच सगळं ऐकत होती. नलू तिच्याजवळ जाऊन बसली तर आजी थोडी सरकली. "जवळ नको येव," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला वाटलं, हिनं राग धरला असता तर नलूला जरा बरं वाटलं असतं.

मलम

परत येताना नलूचं डोकं चालायला लागलं. एकट्या आजीला बरं करून भागणार नाही, सगळ्या पाड्यानं एकाच वेळी लावायला हवं, नाहीतर एकाचा किडा दुसऱ्यावर चढत राहील. बाटल्या इतक्या नव्हत्या. पण गंधक होतं. जुना, स्वस्त, वासाडा इलाज. पोटुशीला चालतं, तान्ह्याला चालतं, जखमेला फारसं झोंबत नाही. ओळीनं तीन संध्याकाळी लावायचं. हळद लागायला अजून मधे तेवढे दिवस होते. नाशिकच्या गाडीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली आणि दुसऱ्या दिवशी गंधकाची पिशवी आणि व्हॅसलीनचे डबे आले.

इथे माझा उपयोग झाला, हे नम्रपणे सांगते. नलूला औषधं कळतात पण तिला साधं पिठलं बिनगुठळीचं जमत नाही. तिनं वजन करून दिलं, आणि मी पडवीत बसून, चुलीपासून चांगली लांब, गंधक खलात मैद्यासारखं घोटलं. सगळं व्हॅसलीन एकदम घातलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या. म्हणून आधी थोड्या तेलात गंधक कालवून घेतलं, बेसन कालवतो तसं, आणि मग हळूहळू वाढवत नेलं. ते तेल करंजाचं होतं. मथीआजीनं स्वतःच्या घरचं जमनीबरोबर पाठवलं होतं, लांबून, चिंधीत धरून. नलू आधी नको म्हणाली. मग म्हणाली, असू दे, तिचंही काही असू दे त्यात. दोन पातेली भरून मलम झालं. रंग हुबेहूब हळदीचा. वासाबद्दल मी लिहीत नाही, एसटीचं वर सांगितलंच आहे.

तो रंग पाहूनच नलूला सुचलं. आम्ही पातेली घेऊन चिंचपाड्यावर गेलो आणि तिनं पडवीतल्या आजीपुढे मांडली. म्हणाली, आजी, तुला कोणाला हात लावायचा नाही ते राहू दे, पण तोंडानं तर सांगशील? हे मलम आहे, खरजेचं आहे, यात लपवाछपवी नाही. पण पाड्यातला एकही माणूस लावायचा सुटता कामा नये, आणि माझं कोणी ऐकणार नाही. ज्याला खाजत नाही तो म्हणेल मला कशाला.

आजीनं पातेल्यात पाहिलं.  मग उठून अंगणाच्या मधे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. ही जमनीच्या लगनाची पयली हळद. तीन दिस लागंल. ज्याला लगनात जेवायचं हाय त्यानं लावायची.

लग्नाच्या हळदीला नाही म्हणायची तिथे रीत नाही. आणि जेवणाला तर नाहीच नाही. पहिल्याच संध्याकाळी सबंध पाडा अंगणात जमला. बायका घरात जाऊन एकमेकींना, पुरुष गोठ्याच्या आडोशाला, पोरं उघड्यावर. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, कमरेला घडीघडीत. नलू ओरडत फिरत होती. लखमा एकटा खाटेवर बसून राहिला. माला नाय खाजत, म्हणाला. मग दोन सुनांनी त्याला धरला आणि रंगपंचमी असावी तसा पिवळा केला. म्हातारा आधी रुसला, मग स्वतःच पाठ फिरवून हितं ऱ्हायलं, तिथं ऱ्हायलं असं दाखवायला लागला.

आणि आजीला कोण लावणार? हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. धवलेरी सगळ्यांना हळद लावते. तिला कोणी लावत नाही. जमनी पातेलं घेऊन पडवीत गेली, आजीचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकेक बोट करून मलम चोळायला लागली. आजी हात ओढून घ्यायला लागली तशी तिनं मनगट घट्ट धरलं. नवरीनं धवलेरीला हळद लावायची हे तिथल्या बायकांनी कधी पाहिलं नव्हतं.  मग एकीनं खालच्या आवाजात हळदीचं गाणं धरलं, आणि बाकीच्यांनी ओढलं.

नलूनं मलाही लावायला लावलं. मला खरूज नाही, असं मी पुन्हा सांगितलं. लखमापण हेच म्हणत होता, असं ती म्हणाली.

गोधड्यांचा प्रश्न एप्रिलनंच सोडवला. पाड्याच्या मागे काळा कातळ आहे. दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. गोधड्या, लुगडी, पांघरुणं सगळी तिथे पसरली आणि हळदीपर्यंत आणायचीच नाहीत असं ठरलं. माणसाबाहेर तो किडा दोनतीन दिवसांवर जगत नाही, आणि कातळावर तितकेही नाही, असं नलूनं समजावलं. रात्री पांघरायला कोणाला काही लागतही नव्हतं. लांबून पाहिलं तर सगळा डोंगर रंगीबेरंगी ठिगळांनी भरलेला. तिन्ही दिवस मी तिथेच जेवले. नागलीची भाकरी, सुकटीची चटणी, उडदाची आमटी. भाकरी मी दोन खायची, पुण्यात अर्धी खाते. आजूबाजूला सगळी पिवळी माणसं आणि सगळ्या हवेत काडेपेटीचा वास, आणि तरी मी जेवले.

हळद

खऱ्या हळदीच्या दिवशी सकाळी पाडा धुतल्यासारखा दिसत होता. पाण्यासाठी बायका पहाटेपासून खेपा घालत होत्या आणि सगळ्यांच्या अंघोळी झाल्या होत्या. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढलेला, त्यात देवी, घोडे, झाडं, नाचणारी माणसं. जमनी पाटावर बसलेली, शेजारी द्रोणात ओली हळद. आणि सगळ्यांची नजर पडवीकडे.

आजी पडवीतच बसून होती. अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, आणि हात मांडीत घट्ट धरून.

नलूनं जाऊन हात पाहिले. बेचक्यांतलं ओलेपण गेलं होतं, खपल्या धरल्या होत्या. झालीस की बरी, ती म्हणाली. आजीनं मान हलवली. "रातीं खाजलं," ती म्हणाली. "जरासं. पण खाजलं."

नलूनं समजावलं. किडा मेला तरी खाज लगेच जात नाही, पंधरा दिवस राहते, सगळ्यांची राहते, तिनं कोणाला काही होत नाही. आजीनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू बोलली व्हतीस, खाज हाय तवर नाय. मी व्हय बोलली."

 जमनीनं पाटावरून मागे वळून पाहिलं. आमची नलू कलेक्टरशी भांडते, औषध कंपनीच्या माणसांशी भांडते, माझ्याशी तर रोजच. त्या म्हातारीशी मात्र ती भांडली नाही. दवाखान्यातली रांग बघून घाईघाईत ती एक वाक्य बोलून गेली होती, आणि या बाईनं ते लेकरू सांभाळावं तसं सांभाळलं होतं.

शेवटी नलू उठली. मांडवातून हळदीचा द्रोण उचलून पडवीत आली आणि आजीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"मी चुकीचं बोलले होते, आजी," ती म्हणाली. "आधी मला लाव. मला खाज आली तर मी खोटी."

आजीनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. नलूकडे पाहिलं. मग दोन बोटं द्रोणात बुडवली आणि, पहिल्यांदा अगदी घाबरत, नलूच्या कपाळाला टेकवली. नलू हलली नाही. तेव्हा आजीनं पुरता तळवा भरून घेतला आणि तिच्या दोन्ही गालांना, हनुवटीला, मानेला हळद माखली. माझी बहीण रडत होती आणि हळदीतून पाणी ओघळत होतं, आणि मीही रडत होते, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग आजी उठली. हात पुसले नाहीत. तशीच मांडवात गेली, नातीसमोर वाकली, आणि जमनीच्या गालाला तिचा हात लागला तसा तिनं गाण्याचा पहिला सूर लावला.